रिप्लेचा रस्ता

देशाचा इतिहास लिहावयास बसलेल्या लेखकाचे लक्ष राजधानी, रणांगण आणि पार्लमेंट यांकडे आधी वळते. रस्त्यांकडे वळलेच तर ते कोणती सेना कोणत्या वाटेने गेली एवढे पाहण्यापुरते. परंतु सामान्य माणसाच्या जीवनात झालेली पालट जितकी रस्त्यावर दिसते तितकी दरबारात दिसत नाही. इंग्लंडच्या सरे परगण्यातील रिप्ले नावाच्या एका खेड्याची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. तेथे लढाई झाली नाही, कोणी राजा जन्मला नाही, आगगाडीचे स्टेशनही या गावास कधी मिळाले नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलीवर बसणाऱ्या इंग्रजास हे नाव तोंडपाठ होते.

रिप्ले लंडनपासून तेवीस-चोवीस मैलांवर, पोर्टस्मथच्या हमरस्त्यावर आहे. पोर्टस्मथ हे इंग्रजांच्या आरमाराचे मुख्य बंदर. त्यामुळे घोड्यांच्या डाकगाड्यांच्या काळात या वाटेवर अधिकारी, खलाशी आणि व्यापारी यांची सतत ये-जा असे. घोडे बदलणे, उतारूंना जेवू घालणे, रात्री बिछाना देणे यांवर वाटेवरील गावे पोसली जात. पुढे १८३८ साली लंडनहून निघालेली आगगाडी वोकिंगच्या माळापर्यंत आली आणि १८४० साली साउदॅम्प्टनला पोहोचली. डाकगाड्या बंद पडल्या, तबेले रिकामे झाले आणि ज्या खाणावळींच्या अंगणात घोड्यांच्या टापा रात्रंदिवस वाजत तेथे गवत वाढू लागले. हमरस्त्यावरील गावांच्या दोन पिढ्या ही अवकळा पाहत जगल्या. रेल्वेने इंग्लंड जोडले असे आपण क्रमिक पुस्तकांतून शिकतो; तिने मधली गावे तोडली ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते.

या ओसाड रस्त्यावर १८७० नंतरच्या काळात एक नवे वाहन अवतरले. पुढे पुरुषभर उंचीचे प्रचंड चाक, मागे लहानसे चाक आणि वर तोल सांभाळीत बसलेला तरुण, असे त्या पायगाडीचे स्वरूप होते. एखादा धोंडा आडवा आला की स्वार डोक्यावरून पुढे कोसळे. असल्या वाहनास सपाट, कठीण आणि निर्वेध रस्ता हवा. किंग्स्टनवरून ईशर, कोबम आणि विस्लीचा माळ ओलांडीत रिप्लेस जाणारी वाट नेमकी तशी होती. चढ बेताचे, पृष्ठभाग त्या काळाच्या मानाने उत्तम, दोहोंकडे झाडी आणि मोकळे माळ. शिवाय अंतर असे, की सकाळी लंडनहून निघालेल्याने दुपारी तेथे जेवावे आणि दिवे लागेपर्यंत घरी परतावे. शनिवारी दुपारी व रविवारी या वाटेवर चाकांची रांग लागू लागली. व्हायकाउंट बरी यांनी या गावास सायकलस्वारांची मक्का म्हटले आणि ते नाव त्यास चिकटले. आपल्याकडील कोणी असता तर त्याने पंढरी म्हटले असते!

या पंढरीचे देऊळ म्हणजे ‘अँकर’ नावाची जुनी, बुटक्या छपराची खाणावळ. ती डिबल नावाच्या कुटुंबाकडे होती आणि अ‍ॅनी व हॅरिएट या दोन बहिणी तेथे पाहुण्यांचे आगतस्वागत करीत. धुळीने माखलेल्या, घामाघूम झालेल्या, गुडघ्यापर्यंत विजार घातलेल्या तरुणांना अन्य ठिकाणी नाके मुरडून दारातूनच वाटेला लावीत. येथे त्यांना हातपाय धुवावयास पाणी, पोटभर अन्न आणि चार आपुलकीचे शब्द मिळत. पाहुण्यांच्या सह्यांसाठी ठेवलेल्या वह्या एकामागून एक भरत गेल्या. दोघी बहिणी १८९० नंतरच्या दशकात थोड्या अंतराने निवर्तल्या, तेव्हा सायकलस्वारांनी वर्गणी काढून गावच्या चर्चमध्ये त्यांचे स्मारक केले. सरदार-जमीनदारांच्या स्मृतिशिलांनी भरलेल्या इंग्रजी चर्चमध्ये, खाणावळ चालविणाऱ्या बायकांसाठी वाटसरूंनी असे काही करावे, ही गोष्ट मला त्या काळच्या कित्येक कायद्यांहून अधिक अर्थपूर्ण वाटते.

तथापि रस्त्यावरील हे स्वागत सार्वत्रिक नव्हते. घोडे बुजतात म्हणून गाडीवान चिडत, पोलीस भरधाव जाणाऱ्यांवर खटले भरीत. पायगाडी हे कायद्याने वाहन आहे की नाही हेच आधी कोणास ठाऊक नव्हते. १८७९ साली न्यायालयाने एका खटल्यात ती गाडीच होय असे ठरविले. पण ते स्वारास शिक्षा देता यावी एवढ्याचसाठी. पुढे १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने ती साऱ्या देशात गाडी म्हणून मान्य झाली, गावोगावचे निरनिराळे निर्बंध रद्द झाले, आणि त्याबरोबर रात्री दिवा लावण्याचे व पुढच्यास ओलांडताना घंटा वाजविण्याचे बंधन आले. शिक्षेसाठी दिलेली पदवी शेवटी हक्काच्या कामी आली. इंग्रजांच्या कायद्याची ही जुनीच खोड आहे.

हे हक्क आपोआप पदरात पडले नाहीत. १८७८ साली हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकाराने प्रवासी सायकलस्वारांचा एक संघ निघाला. १८८३ पासून तो ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने प्रसिद्धीस आला आणि २०१६ पासून ‘सायकलिंग यूके’ म्हणून ओळखला जातो. त्याची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. गावोगाव त्याचा एक प्रतिनिधी असे व त्यास ‘कॉन्सल’ असे ऐटदार नाव होते. तो नवख्या प्रवाशास रस्त्यांची माहिती देई. ठरावीक दराने जेवण व बिछाना देण्याचे कबूल करणाऱ्या खाणावळींच्या भिंतीवर पंख लावलेल्या चाकाची लोखंडी पाटी लागे. धोक्याच्या उताराच्या माथ्यावर इशाऱ्याचे फलक उभारले गेले, मार्गदर्शिका छापल्या गेल्या. चांगल्या रस्त्यांसाठी १८८६ साली जी चळवळ सुरू झाली तीही सायकलस्वारांच्या संस्थांनीच काढली. मोटारवाल्यांनी पुढे ज्या गुळगुळीत रस्त्यांचा उपभोग घेतला त्यांची मागणी पायांनी चाक फिरविणाऱ्यांनी आधी केली होती, हे आज कितींच्या ध्यानात असेल?

एवढ्यात १८८५ च्या सुमारास दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल आली आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव शोधून काढली. पडण्याचे भय आणि हाडे खिळखिळी होण्याचा त्रास एकदमच कमी झाला. त्याबरोबर स्वारांचा वर्गही बदलला. एच. जी. वेल्स १८९५-९६ मध्ये रिप्लेजवळच्या वोकिंग गावी राहत असे व स्वतः सायकल शिके. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ या कादंबरीचा नायक कापडाच्या दुकानातील साधा नोकर आहे. वर्षाची तुटपुंजी सुटी घेऊन तो याच पोर्टस्मथच्या रस्त्याला लागतो. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे वाकणारा मनुष्य सायकलीवर बसला की ताठ बसतो, एवढे त्या लेखकाने अचूक हेरले. शतकाच्या अखेरीस क्लबाच्या सभासदांची संख्या साठ हजारांवर गेली होती.

खरी कसोटी मात्र स्त्रियांच्या बाबतीत लागली, आणि तीही रिप्लेच्याच परिसरात. रिप्लेहून आग्नेयीकडे फुटणाऱ्या आडवाटा ऑकम, हॉर्स्ली आणि पुढे शीअरच्या टेकड्यांकडे जातात. उत्तरेकडची वाट वे नदीकाठच्या न्यूआर्क मठाच्या भग्नावशेषांवरून पिरफर्डला जाते. यांपैकी ऑकम येथे ‘होबॉय’ नावाचे हॉटेल होते व क्लबाशी त्याचा करार होता. १८९८ च्या ऑक्टोबरात लेडी हार्बर्टन या बाई सायकलीवरून तेथे जेवावयास उतरल्या. स्त्रियांचा वेष सुटसुटीत असावा म्हणून १८८१ पासून चळवळ करणाऱ्या या बाईंनी झग्याऐवजी घोळदार विजार घातली होती. मालकिणीने त्यांना जेवणाच्या दालनात बसू देण्याचे नाकारले आणि बाजूला, जेथे पुरुष धूम्रपान करीत मद्य पीत असत त्या खोलीत जेवण देऊ केले. बाई उठून गेल्या.

क्लबाने हे प्रकरण हाती घेतले आणि एप्रिल १८९९ मध्ये किंग्स्टन येथे ज्युरीपुढे खटला उभा राहिला. वाटसरूस अन्न नाकारता येत नाही हा खाणावळवाल्यांविषयीचा फार जुना इंग्रजी कायदा. त्याचा आधार घेण्यात आला. बचाव असा, की अन्न नाकारलेच नाही, खोली तेवढी दुसरी दिली. ज्युरीने मालकिणीस निर्दोष सोडले. निकाल कायद्याच्या अक्षरास धरून होता हे मान्य केले पाहिजे. पाहुण्याने मागितलेलीच खोली द्यावी असे बंधन कोणावर नव्हते. पण वस्त्रावरून माणसाची जागा ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. पंगतीत कोणास कोठे बसवावयाचे यावरून उठलेली वादळे आपण पुष्कळ पाहिली आहेत. जाता जाता एक गंमत: ज्या विल्यमने गरजेपलीकडे गृहीतके वाढवू नयेत हा तर्कशास्त्राचा दंडक गाजविला, तो चौदाव्या शतकातील पंडित याच ऑकमचा समजला जातो. एका विजारीवरून एवढी भानगड त्याच्याच गावी व्हावी!

खटला हरला तरी विजार हरली नाही. पुढील काही वर्षांत तो प्रश्नच उरला नाही. रिप्लेचे वैभवही मात्र त्याच सुमारास ओसरू लागले. स्वस्त सायकल आणि आगगाडी यांच्या साह्याने लोक दूरदूर जाऊ लागले, आणि १८९६ साली मोटारींवरील जुने निर्बंध उठल्यावर या सरळ, रुंद रस्त्यावर त्यांचीच धूळ उडू लागली. १९७६ साली गावाला वळसा घालणारा नवा हमरस्ता तयार झाला व रहदारी पुन्हा एकदा रिप्लेस सोडून गेली. २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धेतील सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत पिरफर्डवरून रिप्लेत शिरून हॉर्स्लीकडे गेली. शर्यत पुरुषांची झाली आणि स्त्रियांचीही. ‘अँकर’ची जुनी इमारत अजून रस्त्याकाठी उभी आहे.