घरी केग सिस्टीम कशी बसवायची? कोकम सोड्यासाठी संपूर्ण माहिती

घरी बिअर बनवणारे परदेशातले लोक ती बाटल्यांत न भरता स्टीलच्या केगमध्ये ठेवतात, हे तुम्ही व्हिडिओंमध्ये पाहिलं असेल. नळ फिरवला की फसफसणारा ग्लास तयार. मग तीच सिस्टीम आपल्या कोकम सोड्यासाठी वापरता येते का? हो, अगदी आरामात. फक्त हे व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. रत्नागिरीजवळच्या पूर्णगडसारख्या गावात, जिथे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते आणि मे महिन्यात अंगाची लाही होते, तिथे काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. या लेखात आपण सामान, जोडणी, दाबाचं गणित आणि सुरक्षितता हे सगळं क्रमाने बघूया.

आधी कायद्याचं बघू

महाराष्ट्रात घरी बिअर बनवणं बेकायदेशीर आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि मद्य बनवण्यासाठी साहित्य किंवा उपकरणं जवळ बाळगणं हासुद्धा. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीसारख्या मायक्रोब्रुअरी परवाना घेऊनच चालतात. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली: एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, तेही विकायचं नाही. तिथल्या मराठी वाचकांना हा लेख बिअरसाठीही उपयोगी पडेल. इथल्या वाचकांसाठी मात्र विषय सोडा आणि कोकम एवढाच.

केग म्हणजे नेमकं काय?

केग म्हणजे दाब सहन करणारी, हवाबंद झाकणाची स्टीलची टाकी. घरगुती वापरात चालतो तो कॉर्नेलियस किंवा 'कॉर्नी' केग: १९ लिटरचा, साधारण २२ सेंटीमीटर रुंद आणि ६३ सेंटीमीटर उंच. गंमत म्हणजे हा केग मुळात बिअरसाठी नव्हताच. शीतपेयांच्या कंपन्या त्यातून हॉटेलांना सरबताचा पाक पुरवायच्या. म्हणजे आपण सोडा बनवतो तेव्हा केग पुन्हा मूळ कामाला लागतो.

त्याच्या डोक्यावर दोन तोंडं असतात. एकातून गॅस आत जातो, त्याची नळी आखूड असते. दुसऱ्यातून पेय बाहेर येतं, त्याची नळी तळापर्यंत जाते. गॅस वरून दाबतो, पेय तळातून वर चढतं. बस, एवढंच तत्त्व.

सोडा आणि बिअर यांचं नातंही जुनं आहे. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी इंग्लंडमधल्या लीड्सला एका बिअर कारखान्यात आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं धरलं आणि पाण्यात गॅस विरघळतो हे दाखवलं. आपल्या गोटीसोड्याची गोटीसुद्धा आतल्या गॅसच्या दाबानेच तोंडाशी घट्ट बसलेली असते.

काय काय सामान लागेल?

१. केग. जुना घेत असाल तर सगळ्या रबरी रिंगा बदला. आधीच्या पेयाचा वास रबरात मुरलेला असतो, धुऊन जात नाही. झाकणावर दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच.

२. सीओटू सिलिंडर. खाण्यापिण्याच्या दर्जाचा गॅस आहे ना, हे डीलरकडून स्पष्ट विचारून घ्या. सिलिंडरच्या मानेवर चाचणीची तारीख आणि रिकामं वजन कोरलेलं असतं. दोन्ही वहीत लिहून ठेवा.

३. रेग्युलेटर. इथे बरेच जण फसतात. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा सीओटू रेग्युलेटर बहुधा गॅसचा प्रवाह दाखवतो, मिनिटाला किती लिटर ते. आपल्याला दाब ठरवणारा, ० ते ६० पीएसआय असा काटा असलेला रेग्युलेटर लागतो. सोबत पेय उलटं गॅसच्या नळीत येऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह घ्या.

४. नळ्या आणि कपलर. पेयासाठी ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, खाद्यपदार्थांसाठी चालणारी, निदान ३ मीटर लांब नळी. लांबी जास्त वाटेल, पण नळीतच दाब हळूहळू उतरतो आणि ग्लासात नुसता फेस येत नाही.

५. नळ. सुरुवातीला हाताने दाबायचा प्लास्टिकचा पिकनिक नळ पुरे.

६. फ्रीज. जुना सिंगल डोअर फ्रीज, आतल्या जाळ्या काढून. भोक पाडायचंच असेल तर दारातून पाडा. बाजूच्या भिंतींत कूलिंगच्या नळ्या असू शकतात, ड्रिल लागलं की फ्रीज भंगारात.

सगळा खेळ तापमानाचा

पाणी जितकं थंड, तितका गॅस जास्त विरघळतो. दाब वाढवला की त्याच प्रमाणात गॅस वाढतो, हा विल्यम हेन्री यांचा १८०३ चा नियम. एक लिटर पाण्यात तीन लिटर गॅस विरघळलेला असेल तर चांगला झणझणीत सोडा होतो. त्यासाठी लागणारा दाब साधारण असा:

- ४ अंश सेल्सिअसला: १५ पीएसआय
- १० अंशाला: २२ पीएसआय
- २० अंशाला: ३५ पीएसआय
- ३० अंशाला: ५२ पीएसआय

घरातला प्रेशर कुकर साधारण १५ पीएसआयवर शिट्टी देतो. म्हणजे थंड केगमध्ये कुकरइतका दाब, आणि पडवीत ठेवलेल्या गरम केगमध्ये त्याच्या साडेतीन पट! चांगला कॉर्नी केग १३० पीएसआयपर्यंतचा असतो, त्यामुळे तो फुटणार नाही. पण गरम सोडा नळातून बाहेर पडताच गॅस एकदम सुटतो आणि ग्लासात फेस, तळाला मचूळ पाणी. म्हणून पैसे कमी असतील तर नळ साधा घ्या, पण फ्रीज चांगला घ्या.

जोडणी, पायरी पायरीने

१. केग उघडण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून आतला दाब पूर्ण सोडा. हे कधीही विसरू नका.

२. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून केग, दोन्ही नळ्या आणि झाकण धुवा. नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळबळून काढा. नळ्यांच्या आत लांब ब्रश फिरवा.

३. विहिरीचं पाणी असेल तर उकळून, गाळून, पूर्ण गार करून घ्या. केगमध्ये १७ लिटरच भरा. गॅसची आखूड नळी पाण्याच्या वर राहायला हवी.

४. झाकण लावा आणि ३० पीएसआय गॅस द्या, म्हणजे झाकण घट्ट बसेल. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले तर गळती आहे.

५. सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून वरची हवा सोडा, पुन्हा गॅस द्या. असं तीन-चार वेळा करा.

६. केग एक दिवस फ्रीजमध्ये थंड होऊ द्या. मग १५ पीएसआयवर पाच-सात दिवस गॅस जोडून ठेवा. घाई असेल तर थंड केग त्याच दाबावर आडवा धरून अर्धा तास हलवा. दाब मात्र वाढवू नका.

७. ग्लास तिरपा धरा आणि नळ पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की फेस होतो.

कोकम केगमध्ये घालायचं का?

आमचा सल्ला: केगमध्ये फक्त पाणी, कोकम ग्लासात. याला तीन कारणं आहेत. आगळात मीठ असतं, आणि मीठ व आंबटपणा एकत्र आले की स्टीललाही बारीक खड्डे पडतात. अमृत कोकमात साखर असते. वीज गेली, केग गरम झाला आणि त्यात यीस्ट शिरलं, तर साखर आंबू लागते, दाब वाढत जातो आणि नकळत मद्यही तयार होऊ लागतं. तिसरं म्हणजे साखरेचा चिकटपणा नळीत बसतो, रोज धुवा.

ग्लासात दोन-तीन चमचे अमृत कोकम, चिमूटभर जिरेपूड, वरून केगचा सोडा. कुणाला लिंबू हवं, कुणाला आवळा, एकाच केगवर सगळं भागतं. सोलकढी मात्र केगमध्ये घालायचा विचारही करू नका. नारळाचं दूध नासतं आणि नळ्या तुंबतात.

गॅस किती लागतो?

एका केगमागे साधारण २०० ग्रॅम: थोडा पाण्यात विरघळतो, थोडा पेय बाहेर ढकलायला लागतो. ५ किलोच्या सिलिंडरमध्ये वीस-पंचवीस केग निघायला हवेत. पाच-सहातच संपला तर कुठेतरी गळती आहे.

किती उरलाय हे रेग्युलेटरच्या मोठ्या काट्यावर बघू नका. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोवर काटा हलत नाही, फक्त तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंशाला तो सुमारे ८३० पीएसआय दाखवतो, ३० अंशाला हजाराच्या वर. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू असा फरकच उरत नाही. कोकणच्या उन्हाळ्यात हे रोजचंच. त्यामुळे सरळ वजनकाटा घ्या, आणि आलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करा.

सुरक्षितता: हा भाग वगळू नका

सीओटूला वास नाही, रंग नाही. तो हवेच्या दीडपट जड असल्याने खाली साचतो. ५ किलो गॅस सुटला तर सुमारे २,८०० लिटर होतो. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत हे प्रमाण जवळपास १० टक्के भरतं. एवढ्या गॅसमध्ये माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून:

- सिलिंडर झोपायच्या खोलीत किंवा बंद कोठीत ठेवू नका. वारा खेळता असलेली, सावलीतली पडवी उत्तम.
- तो उभाच ठेवा, साखळीने खांबाला बांधा.
- काम झालं की मुख्य व्हॉल्व्ह बंद.
- रेग्युलेटरशिवाय सिलिंडर थेट केगला कधीही जोडू नका.
- गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा, उन्हात गाडीत सोडून जाऊ नका.
- दुधाची किटली, पाण्याचा पिंप, काचेची बाटली यांत दाबाचा गॅस भरू नका. ती दाबासाठी बनवलेली नसतात.
- खाऱ्या हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो. दर महिन्याला सिलिंडरचा तळ बघा. पापुद्रे सुटलेले दिसले तर डीलरला परत करा.

नेहमी पडणारे प्रश्न

पावसात दोन दिवस वीज गेली तर? गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, पिकनिक नळ आणि नळी काढून ठेवा. प्लास्टिकचे भाग वाढलेल्या दाबासाठी नसतात. केग तसाच राहू द्या. वीज आल्यावर पुन्हा थंड झाला की सोडा पूर्वीसारखाच मिळेल.

एवढा खर्च करण्याआधी चव बघता येईल का? हो. शीतपेयाची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या आणि तिला कार्बोनेशन कॅप लावा. केगचा गॅस कपलर तिच्यावर बसतो. बाटलीत थंड पाणी भरा, हवा दाबून काढा, ३० पीएसआय द्या आणि अर्धा मिनिट हलवा. सिलिंडर आणि रेग्युलेटर पुढे केगलाही कामाला येतात, त्यामुळे काहीच वाया जात नाही.

केग किती दिवसांनी धुवायचा? नुसतं पाणी असेल तर प्रत्येक वेळी रिकामा झाला की. नळ आणि नळी मात्र आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवा.