केदारखेडा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पूर्णाकाठचे गाव. जालना–राजूर–भोकरदन रस्त्यावर वसलेले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. शेजारचे भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातील व्यापारी नगर भोगवर्धन. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस ही या काळ्या रानाची जुनी पिके. अलीकडे मका आणि सोयाबीन वाढले आहे.

या टापूचा खरा इतिहास धान्य राखण्याच्या रीतीत आहे. घरातले धान्य कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात राही. साल-दोन साल टिकवायची ज्वारी पेवात जाई. काळ्या जमिनीत ओल धरते आणि भेगा पडतात, म्हणून पेव उंचवट्यावरच्या मुरमात किंवा पांढरीत खणत. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र ऐसपैस. तळाला आणि कडेने कडबा-भुसा लावून ज्वारी भरत, वर फरशी ठेवून चिखलाने लिंपत. कोंडलेले धान्य श्वसन करते, आतला प्राणवायू सरतो आणि कीड मरते. प्राणवायू सरलेली ही हवा माणसाचाही जीव घेई. त्यामुळे पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवत, दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. कडेची ज्वारी काळवंडे, तिला उग्र वास येई. तरीही दुष्काळी मुलखात याहून भरवशाची सोय नव्हती.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद मीटरगेज मार्ग जालन्यावरून गेला आणि जालन्याचा मोंढा भरभराटला. रेल्वेत धान्य चढवण्याची रीत मात्र सगळीकडे सारखी नव्हती. कॅनडाच्या गवताळ मैदानात तेव्हा स्टेशनास्टेशनाशेजारी लाकडी धान्यमनोरे उभे राहत होते. पट्ट्याला लावलेले डबे सुटे धान्य वर चढवत आणि ते नळीने थेट वाघिणीत उतरे. आपल्याकडे माल पोत्यात बांधून हमालाच्या पाठीवरून वाघिणीत चढे. अशा व्यवस्थेत मनोऱ्याला जागाच नव्हती. ती पाठ कायद्याच्या नजरेत आली १९६९ च्या माथाडी कायद्याने. रेल्वेच्या इतिहासात या श्रमाची नोंद फार थोडी होते, ही खेदाची गोष्ट आहे.

गोदामे आणि संकरित वाण आले तशी पेवे बुजली. भाषेत ‘पेव फुटणे’ तेवढे उरले. रेल्वे मात्र जालन्यापाशीच राहिली. राजूर-भोकरदनमार्गे जाणाऱ्या १७४ किमीच्या जालना–जळगाव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली.