रंगांची संगती आणि रंगांचा पुरावा

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड मागे पडले की काही वेळाने दुधनी येते आणि त्यापुढे लवकरच कर्नाटकाची हद्द सुरू होते. एकीकडे स्वामी समर्थांचे अक्कलकोट, दुसरीकडे दत्तस्थान गाणगापूर आणि मध्ये मराठी व कानडी दोन्ही भाषा सहजपणे बोलणारे हे बाजारपेठेचे गाव. अशा गावातील जुन्या घराच्या माजघरात तसबिरींची एक ओळ असते. त्यात लक्ष्मी-सरस्वतीचे छापील चित्र असते, स्वामींची तसबीर असते आणि घरातील आजोबा-पणजोबांचा मोठा करून हाताने रंगवून घेतलेला फोटो असतो. पहिले चित्र कल्पनेतून आलेले, उरलेली दोन छायाचित्रातून आलेली. तरीही ती एका कुळातली वाटतात, कारण तिघांचे रंग एकाच वळणाचे असतात. हे साम्य कोठून आले, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागतो तो केवळ चित्रकलेचा नाही. साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या पाठ आणि भाष्य या भेदाचा तो इतिहास आहे.

'रंगसंगती' हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. संगती म्हणजे सोबत आणि संगती म्हणजे सुसूत्रताही. चित्रकार रंगसंगती साधतो तेव्हा तो रंगांना एकमेकांच्या सोबतीने नांदायला लावतो. पण छायाचित्र हे चित्रही असते आणि साक्षही असते. साक्षीदाराचे म्हणणे सुसंगत असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. छायाचित्राच्या रंगसंपादनाचा सारा पेच या एका वाक्यात सामावलेला आहे.

या पेचाची दोन्ही टोके योगायोगाने एकाच वर्षी प्रकट झाली. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा रंगांच्या परस्परविरोधावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेव्रल हा गोबलँ येथील विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळे सूत फिके दिसते, अशी तक्रार त्याच्यापर्यंत आली. त्याने तपास केला तेव्हा दोष रंगात नसून शेजारात आहे असे आढळले. काळ्या सुताशेजारी जे रंग विणले होते त्यांनी काळ्याचे तेज हिरावून घेतले होते. कोणताही रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्यासह दिसतो, हा त्याचा निष्कर्ष. सोलापूरच्या मागावर बसलेल्या विणकराला हे सांगावे लागत नाही. इरकलीच्या गडद अंगाला लाल पदर जोडणारा कारागीर हा नियम ग्रंथाशिवाय जाणतो. छायाचित्राला मात्र हा शेजार दीर्घकाळ दिसतच नव्हता.

एकोणिसाव्या शतकातील काचपट्टिका प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. निळे त्यांना उजळ दिसे, तांबडे जवळजवळ काळे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंजकद्रव्ये मिसळून त्यांची दृष्टी हिरव्यापर्यंत वाढवली. तांबड्यालाही नीट ओळखणाऱ्या पट्टिका व फिती प्रचारात यायला विसावे शतक उजाडले. याचा अर्थ असा की त्या काळच्या फोटोत कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे उतरते आणि हळदीचा पिवळाही काळवंडतो. सावळा चेहरा प्रत्यक्षाहून अधिक सावळा होतो. इरकलीचे निळे अंग अपेक्षेपेक्षा उजळ, तर तिचा लाल पदर अपेक्षेपेक्षा गडद दिसतो. करड्या छटेवरून मूळ रंग ओळखणे हे आधीच अनेक शक्यतांमधून एक निवडणे असते. येथे तर त्या छटांची उतरंडही विश्वसनीय नाही. जुना फोटो रंगवणारा प्रत्येक जण म्हणूनच गहाळ पाठ अनुमानाने भरून काढत असतो.

हे अनुमान आपल्याकडे कोणत्या साच्यातून झाले? १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. निबंधमालाकारांना गद्याइतकेच चित्राच्या प्रसाराचे महत्त्व उमगले होते, ही गोष्ट आपण वाङ्मयेतिहासात पुरेशी नोंदवत नाही. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो आणि सारे दगड एकमेकांशी जुळले तरच चित्र उमटते. म्हणजे येथे संगती ही सौंदर्यदृष्टी होण्याआधी छपाईची गरज होती. याच छापखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके १९०९ मध्ये त्रिरंगी छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी जर्मनीला गेले. चित्रपटाचा जनक होण्यापूर्वी हा माणूस रंगांच्या जुळणीचा जाणकार होता. पण १९१३ चा त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कृष्णधवल फितीवरच अवतरला.

या छापखान्यांनी घराघरांत जे रंग पोहोचवले, त्यांनी डोळ्यांना सवय लावली. छायाचित्रकाराकडे फोटो रंगवायला आला की रंगवणाऱ्याच्या मनात हीच सवय काम करी. गालांवर किंचित गुलाबी, लुगड्याला हिरवा किंवा जांभळा, दागिन्यांवर सोनेरी, मागे निळसर पडदा. पातळ, पारदर्शक रंग कापसाच्या बोळ्याने वा बारीक कुंचल्याने लावले जात आणि खालचा फोटो त्यातून दिसत राही. माजघरातील साम्याचे उत्तर येथे मिळते. देवीच्या चित्राची रंगसंगती पणजीच्या फोटोवर उतरली होती.

ही फसवणूक होती काय? मला तसे वाटत नाही. हाताने रंगवलेला फोटो आपण रंगवलेला आहोत हे लपवत नाही. कुंचल्याची कड दिसते, सोनेरी रंग दागिन्याच्या बाहेर थोडा सांडतो, चेहऱ्याचा गुलाबी रंग मानेपाशी अचानक थांबतो. ज्ञानेश्वरी आणि तिच्यावरची टीका एकाच पानावर छापावी, पण टंक वेगळा ठेवावा, तसे हे आहे. स्वामी समर्थांच्या तसबिरींकडे पाहा. जुन्या छायाचित्रांच्या आधाराने केलेल्या या तसबिरींत कांती कधी गोरी, कधी गव्हाळ, कधी सोनेरी असते. भक्ताला त्यात विसंगती वाटत नाही, कारण तो रंगांत पुरावा शोधत नसून भाव शोधत असतो. भरताच्या नाट्यशास्त्राने तर प्रत्येक रसाला वर्ण दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोतवर्ण, रौद्र रक्तवर्ण. रंग हा वस्तूचा गुण नसून आशयाचा गुण आहे, अशी ही धारणा आहे.

याहून समर्थ उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेचे आहे. त्यांची बहुतेक परिचित छायाचित्रे कृष्णधवल आहेत. तरी महाराष्ट्रातील कोणत्याही गावात त्यांच्या रंगीत तसबिरीतील कोट बहुधा निळाच असतो. निळा हा १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजाचा आणि पुढील चळवळीचा रंग. अमुक दिवशी अमुक कोट कोणत्या रंगाचा होता, असे विधान ती तसबीर करीत नाही. एका समाजाने आपल्या नेत्याच्या प्रतिमेवर लिहिलेले ते सामुदायिक भाष्य आहे, आणि भाष्य म्हणून ते पूर्णतः प्रामाणिक आहे.

पाठ आणि भाष्य यांतील अंतराचा एक विलक्षण योग १९३३ मध्ये जुळून आला. त्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. महाभारताच्या विराटपर्वातील कथेवरचा हा चित्रपट रंगीत करण्याची प्रभातची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी व्ही. शांताराम फीत घेऊन जर्मनीला गेले. तेथील प्रयोगशाळेतून जे रंग हाती आले ते मनासारखे नव्हते आणि प्रयोग फसला. त्या काळी प्रचलित असलेल्या द्विरंगी पद्धतींत तांबूस-नारिंगी आणि निळसर-हिरवा या दोन टोकांतच सारे जग बसवावे लागे. हळदीचा पिवळा आणि जांभळा या दोहोंना त्यात नीट जागा नसे. शांतारामांनी रंगांचा ध्यास सोडला नाही. १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये आला आणि १९५९ मध्ये 'नवरंग'.

त्याच १९३३ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने वि. स. सुखठणकर यांनी संपादित केलेली महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. अनेक लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित करायचा, नाकारलेले पाठ तळटीपेत द्यायचे आणि जेथे संपादकाला खात्री नाही तेथे मजकुराखाली नागमोडी रेघ काढायची, ही त्यांची शिस्त. ही नागमोडी रेघ मला भारतीय विद्याव्यासंगातील अत्यंत सुंदर चिन्हांपैकी एक वाटते. तिच्यामुळे वाचनात अडथळा येतो, पानाची शोभा थोडी उणावते, पण वाचक फसत नाही. एकाच वर्षी, एकाच महाकाव्याला, एकाने रंग देऊ पाहिला आणि दुसऱ्याने त्याच्यावर चढलेले रंग ओळखून वेगळे नोंदवले. दोन्ही कामे मोठीच होती. पण त्यांचे नियम वेगळे आहेत, हे आज आपण विसरत चाललो आहोत.

आजचे रंगसंपादन संगणकावर होते. सावल्या, मध्यम छटा आणि उजळ भाग यांचे रंग निरनिराळ्या चक्रांनी फिरवता येतात. परस्परपूरक रंगांची जोडी निवडून सारे चित्र तिच्याभोवती बांधता येते. चेहरे नारिंगीकडे आणि पार्श्वभूमी निळ्या-हिरव्याकडे झुकवणे ही तर चित्रपटांतील रूढीच झाली. या साधनांना नाके मुरडण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकातील रंगीत फोटो आज अनेक घरांत लालसर झाले आहेत. त्यांतील निळसर-हिरवे रंजकद्रव्य उडून गेल्याचा तो परिणाम. अशा फोटोत पांढरे धोतर, पांढरी टोपी किंवा चुन्याची भिंत शोधावी आणि ती पांढरी दिसेपर्यंत तोल सावरावा, म्हणजे इतर रंगही बऱ्याच अंशी आपापल्या जागी येतात. ही खरी पाठचिकित्सा आहे, कारण पुरावा फोटोतच शिल्लक असतो. २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हाही मूळ १९६० च्या चित्रपटातील काही भाग रंगीत असल्याने तुलनेसाठी निदान एक साक्ष उपलब्ध होती.

कृष्णधवल फोटोला क्षणात रंग देणाऱ्या आजच्या यंत्रणांची गोष्ट निराळी. असंख्य रंगीत छायाचित्रे पाहून त्या 'बहुधा काय असेल' एवढेच शिकतात. त्यांचे उत्तर हे सरासरीचे उत्तर असते. जुन्या लिपिकाराला एखादा अपरिचित शब्द आढळला की तो त्या जागी परिचित शब्द लिही. म्हणूनच अवघड पाठ हा बहुधा मूळचा, असा पाठचिकित्सेचा एक नियम झाला. यंत्र हा सर्वांत गुळगुळीत लिपिकार आहे. सीमाभागातील पणजीचे इरकल लुगडे त्याला ठाऊक नसेल तर तो तिला एक मवाळ तपकिरी वस्त्र नेसवतो, आणि जमले तर कांतीही उजळ करतो. कुंचल्याची कड दिसत नाही, सोनेरी रंग सांडत नाही. सारे इतके सुसंगत असते की नातवंडांना तोच मूळ फोटो वाटतो. सावळ्या पणजीचे सावळेपण असे दुसऱ्यांदा पुसले जाते. पहिल्यांदा ते समाजाच्या आवडीने पुसले, आता सरासरीने.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा तीत आपल्या ओव्या घालणाऱ्यांना त्यांनी बजावले होते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली तेव्हा पाठाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. शब्दांच्या बाबतीत एवढी जागरूकता बाळगणाऱ्या परंपरेने छायाचित्रांच्या बाबतीत ती सोडून द्यावी, याचे आश्चर्य वाटते. करण्यासारखे काम फार अवघडही नाही. मूळ फोटो तसाच जपावा, रंगीत प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्याखाली एक ओळ लिहावी: रंग अनुमानाने दिले आहेत. ज्या वृद्धांना ते लुगडे, तो फेटा, तो चेहरा आठवतो त्यांना विचारून ठेवावे. मराठीत सांगोत वा कानडीत, ती साक्ष कोणत्याही रंगचक्राहून मोलाची आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या पोथीचे पाठभेद नोंदवावेत तसे एका घरातील फोटोंचे रंगभेद नोंदवले, तर तो वाङ्मयाचाच अभ्यास ठरेल.

संगती हवीच, पण तिच्याखाली कोठेतरी ती नागमोडी रेघही हवी.