अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आतडं अडतं तेव्हा: ऑपरेशन करायचं की नाही?

दोन-तीन दिवस संडास नाही, वारा सरत नाही, पोट गच्च फुगलेलं, कळा येतात आणि हिरवट उलट्या थांबत नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार घेत असलेल्या बाईला असं झालं, तर ते ॲसिडिटी समजून मेडिकलमधून गोळी आणण्याचं दुखणं नाही. आतड्याला अडथळा आलेला असू शकतो. आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर ही गुंतागुंत बऱ्याचदा दिसते.

आतडं का अडतं?

हा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर पसरतो. त्याच्या गाठी आतड्याला बाहेरून दाबतात, आतड्याचे वेटोळे एकमेकांना चिकटवतात. अडचण अशी, की अडथळा बहुतेकदा एकाच जागी नसतो. एक जागा मोकळी केली तरी पुढे दुसरी बंद असते. कधी कधी मात्र दोष कॅन्सरचा नसून आधीच्या ऑपरेशननंतर झालेल्या चिकटण्याचा असतो. तसं असेल तर ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता जास्त. म्हणूनच सीटी स्कॅनशिवाय निर्णय घेणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

अडलेला भाग कापून टोकं जोडतात, तो भाग वगळून बायपास करतात किंवा आतडं पोटावर काढून पिशवी लावतात, म्हणजे स्टोमा. या टप्प्यावर ऑपरेशनने कॅन्सर बरा होत नाही. उलट्या थांबाव्यात, चार घास खाता यावेत, घरी जाता यावं, एवढाच हेतू असतो. नातेवाइकांना ही गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी. अनेकदा ती सांगितलीच जात नाही.

पोटात खूप पाणी, अनेक जागी अडथळा, खालावलेली तब्येत, अंगात प्रथिनं कमी असं असेल तर सर्जन सहसा ऑपरेशन टाळतात.

पुरावा काय सांगतो?

पुरावा फार थोडा आहे. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात फक्त एकच अभ्यास बसला, तोही ४७ महिलांचा. ऑपरेशन झालेल्या २७ जणी ऑक्ट्रिओटाइड औषध दिलेल्या २० जणींपेक्षा जास्त जगल्या. पण ऑपरेशनसाठी निवडलेल्यांची तब्येत मुळातच बरी होती. शिवाय त्या २७ पैकी ६ जणींना गंभीर गुंतागुंत झाली आणि ३ जणी त्यातच दगावल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या कॅन्सरच्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत ९१ दिवसांपैकी रुग्ण किती दिवस जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर राहिले हे मोजलं. ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात फरक दिसला नाही.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाहीत का?

उपचार आहेत. नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात, सलाईन देतात. ऑक्ट्रिओटाइडने आतड्यातला स्राव कमी होतो, डेक्सामेथासोनने सूज उतरते, वेदनेसाठी मॉर्फिन असतं. नाकातली नळी बरेच दिवस ठेवावी लागणार असेल, तर पोटाच्या त्वचेतून थेट जठरात नळी बसवता येते. उलट्या टळतात आणि घोटभर चहाही घेता येतो.

हिंगोलीतून कुठे जायचं?

औंढा, सेनगाव किंवा कळमनुरीच्या रुग्णाने उलट्या सुरू असताना थेट मुंबईची वाट धरू नये. आधी जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नळी आणि सलाईन सुरू करून घ्यावं. ऑपरेशनचा निर्णय कॅन्सर सर्जनच्या सल्ल्याने व्हावा. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय मराठवाड्यातच आहे. जुने रिपोर्ट, केमोची फाइल आणि स्कॅनची सीडी सोबत हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावं. स्टोमा होणार असेल, तर पिशव्या कुठे मिळतील आणि त्या बदलायच्या कशा, हे घरातल्या एकाने तरी डिस्चार्जपूर्वी नर्सकडून शिकून घ्यावं.