इंजिन जागेवरच का उघडता येतं? एका जाम ट्रॅक्टरची आणि लायनरची गोष्ट



मागच्या उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालू असताना आमच्या जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा रेडिएटरचा पाइप फुटला. पाणी सगळं गेलं, माझं लक्ष मागं रानाकडं, आणि इंजिन जागेवर जाम. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी भंगारवाला भाव सांगून गेला. घरात विकायचंच ठरत आलं होतं.

मिस्त्री आले, बघितलं आणि म्हणाले, "दादा, इंजिन उतरवायचं नाही. हितंच उघडू."

पुढचा भाग ठोकळ्यांवर टेकवला, हेड काढलं, खालून चेंबर सोडलं. दोन नंबरचा पिस्टन लायनरला चिकटला होता. त्याच्या कनेक्टिंग रॉडची कॅप सोडली तसा क्रँक हातानं फिरला, तेव्हा जीवात जीव आला. मग खालून लाकडी ठोकळा लावून पिस्टनसकट लायनर वर काढला. क्रँकची मापं घेतली, ती बरोबर निघाली. ब्लॉकमधली लायनरची बैठक घासून साफ केली, रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून नवीन लायनर बसवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टर चालू.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता. ही सोय कुणी केली?

आधी एक फरक लक्षात घ्या. ट्रकला चेसिस असते. साखळी-पुली लावून इंजिन उचललं, तरी ट्रक आपल्या चाकांवर उभा राहतो. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरना वेगळी चेसिस नाहीच. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा हौदा एकमेकांना बोल्टनी जोडले की तोच सांगाडा. इंजिन काढायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून तोडायचा. ही बांधणी जगभर पोचवली ती हेन्री फोर्ड यांच्या फोर्डसन ट्रॅक्टरनं, १९१७ साली. लोखंड वाचलं, किंमत उतरली. पण दुरुस्ती अवघड झाली.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. १९४६ साली हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा छोटा राखाडी ट्रॅक्टर स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात बनू लागला. सुरुवातीला त्यात अमेरिकेचं कॉन्टिनेन्टल इंजिन होतं. पुढं स्टँडर्डचं स्वतःचं आलं, ते ओल्या लायनरचं. ओला लायनर म्हणजे ज्याच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. त्याच घराण्याचं इंजिन व्हॅनगार्ड मोटारीत आणि ट्रायम्फच्या टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्येही गेलं. १९५६ पर्यंत टीई-२० पाच लाखांवर बनले.

ओला लायनर काही फक्त शेतकऱ्याच्या सोयीसाठी आला नाही. त्यानं सिलिंडर चांगला थंड राहतो, ब्लॉकचं ओतकाम सोपं होतं. पण बांधावरच्या माणसाला मोठा फायदा झाला. झिजलेला सिलिंडर लेथवर न नेता बदलता येऊ लागला. कोरड्या लायनरचं तसं नाही. तो ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसवतात, काढायला जोर लागतो आणि बऱ्याचदा बसवल्यावर बोअरिंगही करावं लागतं. लायनरच नसेल तर ब्लॉक उतरवून वर्कशॉप गाठणं आलंच.

आपल्याकडं १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला, १९६० साली चेन्नईत टाफे सुरू झाली. ट्रॅक्टर गावोगाव पोचले, पण बोअरिंगचं मशीन तालुक्याच्या गावीच राहिलं. मधलं अंतर मिस्त्र्यांनी पान्यावर आणि हातावर निभावून नेलं.

ओल्या लायनरला दुखणंही आहे. खालची रबरी रिंग गेली की पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ट्रॅक्टर चालू करू नका. आणि जाम इंजिन ओढून चालू करायच्या फंदात तर पडूच नका. एका लायनरवर भागणारं काम क्रँक आणि रॉडपर्यंत जातं.

नवा असो की जुना, ट्रॅक्टर घेताना आपण एचपी विचारतो, हप्ता विचारतो. आता एक प्रश्न अजून विचारा : लायनर ओला, कोरडा, की नाहीच? माझा ट्रॅक्टर आज भंगारात नाही, उसाच्या सरीत आहे, तो याच एका उत्तरामुळं.