हलगी तापवून घ्या

पौषी पौर्णिमेची रात्र. प्रवरेवरून येणारा गार वारा कानात शिरतोय. तुम्ही कोल्हारात भगवतीमातेच्या जत्रेत उभे आहात आणि साल आहे 1970. लोणीच्या साखर कारखान्यावर ऊस खाली करून आलेले गाडीवान घोंगड्या पांघरून तंबूकडे निघालेत. आज कुणाचा तमाशाचा फड बघायचा, हे तुम्हीच ठरवायचं. माझं ऐकाल तर कांताबाई सातारकरांचाच बघा.

तिकीट काढण्याआधी कनातीमागे जा. पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून कुणी भुवया रेखतंय. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर पिठलं रटरटतंय. हलगीवाला शेकोटीपुढे बसून हलगी फिरवत शेकतोय. थंडीनं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. तो काडीनं एकदा वाजवून बघतो, मान हलवतो, पुन्हा जाळावर धरतो. तिसऱ्यांदा ती अशी कडाडते की पेंगुळलेलं पोर उठून बसतं.

कांताबाईंचा जन्म 1939 चा, गुजरातेत, दगडखाणीत राबणाऱ्या आईबापांच्या पोटी. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या, त्यांच्याशीच लग्न झालं. 1964 मध्ये तुकाराम गेले आणि पोरांना घेऊन बाईंना त्या फडातून बाहेर पडावं लागलं. 1969 मध्ये त्यांनी स्वतःचा फड उभा केला. आता मुलं इथंच वाढताहेत. पुढे सोंगाड्या म्हणून नाव काढणारा रघुवीर याच बिऱ्हाडातला. इथं शिकवणी वेगळी नसते. आई रंगमंचावर आणि मूल विंगेत, हीच तालीम.

बसा आता पुढं. गण झाला. गौळणीत कृष्णानं मावशीला अडवलं आणि तंबू हसून हसून लोळला. ढोलकी आणि हलगी एकमेकींना सवाल टाकताहेत, तुणतुणं मधल्या फटी भरतंय. मग वग. डोक्याला मंदील, कमरेला तलवार बांधून बाई पुरुषाच्या भूमिकेत येतात. शिवछत्रपतींची भूमिकाही त्यांनी केली. चालण्यातच इतका रुबाब आहे की मागचे गाडीवान घोंगडी सारून ताठ बसतात.

तिथून थेट मे 2021 मध्ये या. जत्रा बंद, तंबू गुंडाळलेले. 25 तारखेला संगमनेरात कोरोनानं कांताबाई गेल्या. संगमनेरही प्रवरेकाठीच, कोल्हारच्या वरच्या अंगाला.

फड मात्र रघुवीर आणि मंदाराणी या भावंडांनी मोडू दिला नाही. लोक सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश करतात, तीही पुरवावी लागते, कारण फडातल्या सगळ्या माणसांची चूल त्यावर पेटते. पण नुसत्या फर्माईशींवर अख्खी रात्र काढायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून चैत्राच्या तोंडावर नारायणगावला जा. तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तुम्हीही गावातर्फे बसा, रकमेची घासाघीस करा, तारीख पक्की करा. आणि उठण्याआधी मॅनेजरला बजावून सांगा, ‘आमच्याकडं गण-गौळण पुरी झाली पाहिजे, आणि वग सकाळपर्यंत.’