गार्डन रीचचा बंगला आणि पील घराणं

कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीच्या काठावर गार्डन रीच आहे. आज तिथे युद्धनौका बांधणारी गोदी आहे, दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे आणि लगतच मटियाबुर्जच्या शिंप्यांची वस्ती. समुद्रावरून कोलकात्याला येणारं जहाज आधी याच काठावरून जातं. कंपनीच्या काळात इथे बड्या साहेबांचे बंगले होते. त्यांतल्या एकात सर लॉरेन्स पील राहत. १८४२ ते १८५५ ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश होते आणि ब्रिटनचे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे चुलतभाऊ. माणूस चांगला असावा. वर्षाचा आठ हजार पौंड पगार त्यांनी दानधर्मात दिला, अशी नोंद आहे.

या घराण्याकडे पैसा आला तो कापडातून. आपली छापील छीट युरोपात इतकी खपत होती की १७२१ साली इंग्लंडने कायदा करून ती वापरायलाच बंदी घातली. पुढे तिची नक्कल करणारे तिथलेच कारखाने वाढले. पंतप्रधानांचे आजोबा त्याच धंद्यातले. त्यांची अजमोद्याच्या पानाची नक्षी एवढी चालली की लोक त्यांना 'पार्सली पील' म्हणू लागले. त्यांचा मुलगा गिरणीमालक, खासदार आणि १८०० साली बॅरोनेट झाला. नातू थेट पंतप्रधान! लंडनच्या पोलिसाला 'बॉबी' म्हणतात ते याच रॉबर्टच्या नावावरून, कारण १८२९ मध्ये ते पोलीसदल त्यानेच उभं केलं. म्हणजे छापखान्यापासून सत्तेच्या खुर्चीपर्यंत तीन पिढ्या. खानदानी उमराव त्यांना नवश्रीमंत समजत, ते सोडून द्या.

आता गार्डन रीचला परत येऊ. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केलं. नवाब वाजिद अली शाह दाद मागायला कलकत्त्याला आले आणि गार्डन रीचला त्यांनी भाड्याने बंगला घेतला. लॉरेन्स पील राहत होते तोच बंगला. नवाबांची आई पुढे लंडनला गेली, राणीपुढे गाऱ्हाणं मांडायला. नवाब इथेच राहिले. उठाव पेटल्यावर जून १८५७ मध्ये इंग्रजांनी त्यांना उचललं आणि फोर्ट विल्यममध्ये डांबलं.

दोन महिन्यांत याच काठासमोरून 'शॅनन' नावाची युद्धनौका वर गेली. तिचा कप्तान होता विल्यम पील, पंतप्रधानांचा तिसरा मुलगा, वय ३२. क्रिमियाच्या युद्धात वात पेटलेला तोफगोळा उचलून बाहेर फेकल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्याने जहाजाच्या तोफा उतरवल्या, चारशेवर खलाशी घेतले आणि नदीतून, मग रस्त्याने, बैल जुंपून त्या उत्तरेकडे नेल्या. लखनौच्या शाह नजफवर त्याने या जड तोफा अगदी भिंतीजवळ नेऊन लावल्या. तोफखान्याच्या शिकवणीत हे बसत नाही. तोफ लांबून मारा करायची वस्तू. पण जहाज जहाजाला भिडवायची सवय असलेल्या माणसाला ते स्वाभाविक वाटलं असणार. ६ डिसेंबर १८५७ ला कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेविरुद्धही हेच. चोवीस पौंडी तोफ खलाशी पायदळाबरोबर पुढे ओढत नेत होते. तात्यांकडे माणसं जास्त होती, पण असा हलता जड तोफखाना नव्हता. मराठी वाचक कानपूरच्या पराभवाची कारणं ग्वाल्हेरच्या तुकडीत, नानासाहेबांच्या निर्णयात शोधतात. मला या खलाशांचाही वाटा मोठा दिसतो.

मार्च १८५८ मध्ये लखनौला पीलच्या मांडीत गोळी लागली. त्याला परत न्यायला खलाशांनी अवधच्या राजाची एक घोडागाडी सजवली, गादी घातली, राजचिन्हावर 'शॅनन'चं नाव रंगवलं. गाडीचा धनी तेव्हा कलकत्त्याच्या किल्ल्यात कैदेत. पीलने गाडी नाकारली; साध्या खलाशासारखं डोलीतूनच जाईन म्हणाला. जी डोली मिळाली तिच्यातून बहुधा आधी देवीचा रोगी नेलेला होता. २७ एप्रिलला कानपुरात पील देवीने गेला.

घराण्याचा भारताशी संबंध मात्र संपला नाही. विल्यमचा धाकटा भाऊ आर्थर कॉमन्सचा सभापती झाला. आर्थरचा मुलगा, लॉर्ड पील, १९२२ मध्ये भारतमंत्री. त्याच्याच कारकिर्दीत, १९२३ साली, कायदेमंडळाचा विरोध डावलून मिठावरचा कर दुप्पट झाला. गांधीजी तेव्हा येरवड्यात होते. १९२८-२९ मध्ये तो पुन्हा भारतमंत्री होता. १९३७ मध्ये पॅलेस्टाईनची फाळणी सुचवणारा पील आयोग, तोही त्याचाच.

वाजिद अली शाह १८५९ मध्ये सुटले, गार्डन रीचलाच परतले आणि १८८७ मध्ये तिथेच वारले. त्यांची कबर मटियाबुर्जच्या सिबतैनाबाद इमामबाड्यात आहे. विल्यम पीलचा पुतळा आधी ईडन गार्डन्समध्ये होता. स्वातंत्र्यानंतर तो बराकपूरला हलवला. तिथे फ्लॅगस्टाफ हाउसच्या बागेत, कॅनिंग आणि मेयो यांच्या पुतळ्यांच्या संगतीत तो उभा आहे.